आजारी पडण्याचं काम

आधी माफी मागतो. या अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं निवृत्त असतात. कुणी उभी हयात एसटी चालवलेली असते, कुणी कोर्टात शिरस्तेदार असतं. मी अजून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिताना चुकलं तर घरात सांगणारं कुणी नाही. मी नर्स नाही, डॉक्टर नाही, शिक्षकही नाही. शहरातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी काही वर्षं आजारी पडण्याचं काम केलं, एवढंच. संपादकांना म्हणालो, हे सांगण्यासारखं नाही. ते म्हणाले, "असं काही काम असतं हेच लोकांना माहीत नाही. तेच लिहा." म्हणून लिहितो. आणखी एक कारण आहे. या कामातून माझ्या वडिलांच्या पायाचं जे झालं, ते एकदा क्रमाने लिहून ठेवावं असं वाटत होतं.

नर्सिंगच्या मुलामुलींना एकदम खऱ्या वॉर्डात सोडत नाहीत. कॉलेजातच एक खोटा वॉर्ड असतो. पलंग खरे, सलाईनचे स्टँड खरे, पेशंट तेवढा रबराचा. आमच्या बाहुल्याला मुलांनी बाबूराव असं नाव दिलं होतं. बाबूरावाची छाती वर-खाली व्हायची, मनगटाला नाडी लागायची, दंडात सुई टोचली तर नळीतून लाल पाणी यायचं. चूक झाली तरी बाबूराव मरत नसे, आणि त्यासाठीच तो होता. त्याची देखभाल सलीमभाई करायचे. ते वॉर्डातले परिचर. रोज सकाळी बाबूरावाचं तोंड पुसताना म्हणायचे, "हौ मियाँ, तुम्हारा अच्छा है. सुई खाओ, सो जाओ."

पण बाबूरावाला घाबरता येत नाही, लाजता येत नाही, आणि खोटं बोलता येत नाही. पेशंट हे तिन्ही करतात. त्यासाठी जिवंत माणूस लागतो. तो मी. पुंडलिकनगरात आम्ही चौघांनी मिळून एक खोली घेतली होती. तिथल्या एका मित्राने हे काम सांगितलं. त्याला वाटलं होतं, नाटकाचं काही असेल. मला नाटक येत नव्हतं. निवड करणाऱ्या मुळे मॅडम म्हणाल्या, "बरं झालं. नाटकवाले फार कण्हतात."

मुळे मॅडम त्या खोट्या वॉर्डाच्या प्रमुख. वडील आणि आजोबा कचेरीत कारकून, स्वतः मोठ्या सरकारी दवाखान्यात सिस्टर राहिलेल्या. बोलणं मोजकं. त्यांनी मला दोन नियम घालून दिले. पहिला, पहिल्या विद्यार्थ्यापुढे जितकं कण्हशील तितकंच शेवटच्यापुढे कण्हायचं, कारण ती परीक्षा आहे आणि सगळ्यांना पेशंट सारखाच मिळाला पाहिजे. दुसरा, विचारलं तरच सांगायचं. आजाराची एक किल्ली माझ्याकडे असायची. म्हणजे, मी दारू पितो, किंवा गोळ्या मध्येच सोडल्या आहेत. नेमकं विचारलं तर द्यायची, नाही तर पोटात ठेवायची.

पहिला नियम अवघड होता. दुपारपर्यंत खरंच थकवा यायचा आणि कण्हणं आपोआप वाढायचं. दुसरा सोपा वाटला, कारण आमच्या वस्तीवर सगळी माणसं तशीच आहेत.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका मुलीचा धक्का बाबूरावाच्या पलंगाला लागला, तर तिने त्याच्या पायाला हात लावून नमस्कार केला आणि मग स्वतःच लाजली. एक मुलगा माझ्याच वयाचा, पण मला "काका" म्हणायचा, आणि परीक्षा संपल्यावर कँटीनमध्येही "काका, सरका जरा" असंच. एकीने दाराकडे बघत हळूच विचारलं, "दादा, सांगा ना काय झालंय. डब्यात शेंगोळे आणलेत." शेंगोळे मला फार आवडतात. तरी सांगितलं नाही. याचा मला अजून थोडा अभिमान आहे आणि थोडी हळहळही आहे.

ती वर्षं दुष्काळाची होती. शहराच्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. कॉलेज शहराच्या अगदी कडेला, फुलंब्रीच्या वाटेवर. तिथे टँकरच यायचा, आणि तो वळण चुकला तर तेही पाणी नाही. खोट्या वॉर्डातलं बेसिन कोरडं पडलं. पेशंटला हात लावण्याआधी हात धुवायचे हा नर्सिंगचा पहिला धडा, आणि धुवायला पाणी नाही. मग पद्धत पडली. मुलं कोरड्या नळाखाली हात चोळायची आणि मोठ्याने म्हणायची, "हात धुतले, मॅडम." मॅडम म्हणायच्या, "पुढे."

पुढे एक मुलगा खऱ्या वॉर्डात गेला. तिथल्या सिस्टरसमोर त्याने वाहत्या नळाशेजारी हवेतच हात चोळले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हात धुतले, सिस्टर." सिस्टर म्हणाल्या, "धुतलेस का बाळा? मग नळ सोडून एकदा परत धू. इथे पाणी खरं आहे." ही गोष्ट कॉलेजात हसण्यावारी गेली. मुळे मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बेसिनजवळ एक कळशी आली. प्रत्येकाने तांब्याभर पाणी घेऊन खरे हात धुवायचे. सलीमभाई ते पाणी खालच्या बादलीत धरून बाहेरच्या कडुनिंबांना घालायचे. "पुरे कॉलेज में यहीच दो झाड पढेलिखे है," ते म्हणायचे.

त्याच सुमाराला मॅडमनी नवी केस लिहिली. पन्नाशीचा माणूस, उन्हातान्हात हिंडणारा. तापासाठी आला आहे. किल्ली अशी की, त्याला साखरेचा आजार आहे आणि तळपायाला जखम आहे, पण त्याची त्यालाच खबर नाही. साखरेने पाय बधिर होतात. काटा रुतला, खडा टोचला, जखम चिघळली तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस बघत नाही, आणि बघत नाही म्हणून पाय कापायची वेळ येते. "हा पेशंट खोटं बोलत नाही," मॅडम म्हणाल्या. "पायाला काही त्रास आहे का विचारलं तर तो नाही म्हणणार, आणि ते खरंच असणार. म्हणून विचारून भागत नाही. पाय बघावा लागतो."

मैदा, मलम, कुंकू आणि चहाची पूड कालवून त्यांनी माझ्या उजव्या तळपायाला जखम केली. इतकी हुबेहूब की सलीमभाईंनी तोंड फिरवलं.

मला माणूस उभा करायचा होता. मी आबांना उभं केलं. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही धनगर, कन्नडच्या पुढे आमची वस्ती, घरी मेंढरं. मी आबांच्या जुन्या टायरच्या तळाच्या वहाणा आणल्या. ते बोलतात तसा बोललो. "काय नाय, बरं हाय." आणि ते चालतात तसा चाललो. गेल्या दोन वर्षांत आबा पाय सपाट आपटत चालायला लागले होते, चिखलातून चालावं तसे. चिखल तर आम्ही कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. त्यांची उजवी वहाण चालता चालता मागे राहायची आणि ते तसेच अनवाणी पुढे जायचे. घरात तो विनोद झाला होता. माय ओरडायची, "अवो, वहाण थांबलीय, तुमी कुठं निघालात?"

मी तेही केलं. दारातून पलंगापर्यंत येताना वहाण मागे सोडली आणि पुढे आलो. विद्यार्थी हसले. एकाने वहाण उचलून आणून दिली. "काका, विसरली." सगळी बॅच झाली. प्रत्येकाने ताप बघितला, नाडी बघितली, "आणखी काही त्रास?" विचारलं. मी "काय नाय" म्हणालो. सगळ्यांनी वहाण उचलून दिली. पाय कुणी बघितला नाही.

मुलं गेल्यावर मॅडम खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"वहाण सोडायची हे तुला कुणी सांगितलं? मी लिहिलं नव्हतं."

"आमच्या आबांची राहते तशी."

"त्यांना कळत नाही, राहिली ते?"

"नाही. आम्ही ओरडतो मग कळतं."

"पाय आपटत चालतात?"

"हो."

"त्यांची साखर तपासली आहे कधी?"

मी नाही म्हणून मान हलवली. मॅडमनी माझ्या पायाची मैद्याची जखम कापसाने पुसायला घेतली. पुसता पुसता म्हणाल्या, "घरी जा आणि त्यांचे तळपाय बघ. विचारू नकोस. बघ."

घरी जा म्हणणं सोपं होतं. आबा घरी नव्हते. पूर्वी आमची मेंढरं शहराच्या याच बाजूला यायची. शेतकरी बोलावून रानात मेंढरं बसवायचे. लेंडी-मुताचं खत रानाला मिळे, धान्य आम्हाला. मग त्या रानांत प्लॉट पडले, पांढऱ्या खुणांचे दगड आले, कमानी आल्या. प्लॉटला खत लागत नाही. कॉलेजची इमारत उभी आहे त्या जागीही एकदा आमचा तळ पडला होता, असं आबा सांगतात. आता चारा शोधत ते घाट उतरून खानदेशाकडे जायचे, आणि त्यांचा फोन बहुतेक वेळा बंद असायचा.

मेंढरं घाटाखाली आहेत असं चुलतभाऊ नामदेवकडून कळलं तेव्हा मी एसटीने कन्नडला आणि तिथून जीपने गेलो. आबा एका बाभळीखाली बसले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, पण तो त्यांनी मेंढरांकडे बघून दाखवला. मी सरळच म्हणालो, "आबा, उजव्या पायाचा तळवा दाखवा."

"कशापायी?"

"बघायचाय."

"तू काय डाक्टर झालास व्हय?"

"नाही, पण तिथे कॉलेजात…"

"तिथं तू काय करतोस ते नामदेवनं सांगितलंय. खाटंवर पडून ऱ्हातोस अन् पोरी नाडी बघत्यात." आजूबाजूचे गडी हसले. आबाही हसले. "लेकरा, पाय दुखला तर सांगंन की. दुखतच नाय तर दाखवू काय?"

"दुखत नाही म्हणूनच बघायचा आहे."

हे मी बोललो आणि मलाच ते वेडगळ वाटलं. गडी आणखी हसले. बापाने चारचौघांत लेकासमोर पाय वर करून दाखवायचा, हे त्यांना जमणारं नव्हतं. मी वाकलो तर त्यांना वाटलं पाया पडतोय. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि उठून मेंढरं वळवायला गेले. वहाण बाभळीखालीच राहिली. मी ती उचलून मागे पळालो आणि त्यांच्या पायात घातली. पायावर इतकी धूळ होती की काही दिसलं नाही.

परत आल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तू मुलगा म्हणून विचारलंस. त्यांनी बाप म्हणून उत्तर दिलं. पेशंट मध्ये आलाच नाही."

ती केस आम्ही चालू ठेवली. मला आता ती करताना बरं वाटत नसे, पण पहिला नियम होता. सगळ्यांना सारखाच पेशंट द्यायचा. फक्त दर वेळी मनात येई, आता तरी कुणीतरी पाय बघेल, आणि कसा बघितला ते मला कळेल. ते कळलं की मी घाटाखाली जाईन.

तिसऱ्या वर्षाच्या बॅचमध्ये सुनीता नावाची मुलगी होती. फुलंब्रीजवळच्या खेड्यातून रोज जाऊन-येऊन करायची. हुशार म्हणून तिचं नाव कुणी घेत नसे. तोंडी परीक्षेत तिचा आवाज निघत नसे. तिची पाळी आली. मी पाय आपटत आलो, वहाण सोडली, पलंगावर बसलो. तिने वहाणेकडे बघितलं, पण उचलली नाही. हात धुतले. मग पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली आणि सलीमभाईंना म्हणाली, "भाई, ते घमेलं द्या ना."

"कायकू?"

"पाय धुते यांचे. लांबून आलेत."

केसमध्ये पाय धुणं कुठेच नव्हतं. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, म्हणजे चालू द्यायचं. सुनीता खाली बसली. "बाबा, दुसरी वहाणबी काढा. पाय टाका इकडं."

मी आबांसारखाच म्हणालो, "ऱ्हाऊ दे पोरी. काय नाय झालं पायाला."

"झालं नसू द्या की. धुळीचे हायेत तेवढे धुते."

याला आबांनीही नाही म्हटलं नसतं. मी पाय पाण्यात ठेवला. तिने घोटा चोळला, बोटांमधली धूळ काढली, मग तळवा वळवला आणि थांबली. कुंकवाचं पाणी घमेल्यात उतरलं होतं.

"बाबा," ती हळू म्हणाली, "हे कधीपासनं हाय?"

त्या खोलीत त्या केसची किल्ली मी पहिल्यांदाच दिली.

नंतरच्या चर्चेत मॅडमनी तिला विचारलं, पाय धुवायचं कुठून सुचलं. सुनीता उभी राहिली, आवाज नेहमीसारखा गेला, मग आला. "आमच्याकडं वाटेनं आलेल्या माणसाला आधी पायावर पाणी देतात, मॅडम. टँकर सुरू झाल्यापासनं ते बंद झालंय. आज बाटलीत होतं म्हणून दिलं." मॅडम उठल्या. मग फळ्यावर केसच्या पायऱ्या लिहिलेल्या होत्या, त्यात हात धुण्याच्या खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पेशंटचे पाय धुणे.'

हे आबांवरून उचललेलं सोंग आहे, हे सुनीताला मी सांगितलं नाही. मॅडमनीही सांगितलं नाही. परीक्षेचा पेशंट कोणावरून उभा केला आहे ते विद्यार्थ्यांना सांगत नाहीत.

मी मायला फोन केला. म्हणालो, आबा आले की आधी त्यांचे पाय धू आणि तळवा बघ.

"प्यायला दोन हंडे येत्यात," माय म्हणाली. "अन् पाय धुऊ? शहरात राहून लई पाणी दिसायलंय तुला."

"माय, ऐक. पाय सडला तर कापतात."

मग म्हणाली, "येऊ दे त्यांना. धुते." पण आबा येतच नव्हते. घाटाखाली चारा संपला म्हणून ते आणखी पुढे गेले होते. नामदेव एकदा म्हणाला, आबांना अधूनमधून ताप येतो. मी पुन्हा जायला निघालो, तर तळ कुठे पडला आहे हे कुणालाच सांगता येईना.

उन्हाळ्याच्या तोंडाला तिसऱ्या वर्षाची बॅच गावांत कामाला गेली. दरवर्षी जाते. या वेळी कन्नड तालुका होता. गावोगाव वजन, रक्तदाब, साखर बघायची, आठवडी बाजारात टेबल मांडायचं. जाण्याआधी मी मॅडमना म्हणालो, आबांचा तळ घाट चढून वर आला तर ते बाजाराला येतील, मेंढरं विकायला. मॅडम म्हणाल्या, "मुलांना मी एका माणसाला शोधायला पाठवत नाही. पण पाणी सोबत न्यायला सांगितलं आहे."

त्या बाजाराच्या दिवशी इकडे पहिल्या वर्षाच्या मुलांची परीक्षा होती. मी पलंगावर. परीक्षेच्या वेळी फोन बाहेर ठेवावा लागतो. माझा सलीमभाईंच्या खिशात होता. दिवसभर मी आबांच्या वहाणा घालून दारातून आत येत राहिलो आणि वहाण मागे सोडत राहिलो. पोरं नवी होती. सगळ्यांनी ती उचलून हातात आणून दिली. एक जण म्हणाला, "काका, नवीन घ्या आता."

शेवटचा विद्यार्थी बाहेर गेल्यावर सलीमभाई आत आले. नेहमी ते आल्या आल्या काहीतरी बोलतात. या वेळी नुसता फोन पुढे केला. "बहुत बार बजा. मैं उठाया नहीं, परीक्षा थी. घर का है."

नामदेवचा फोन होता. मी लावला. बाजाराच्या दिवशी तो बाजारात असतो, पण मागे गलका नव्हता. "आबाला कन्नडच्या सरकारी दवाखान्यात घातलंय," तो म्हणाला. "तळव्याला हे एवढं भोक हाय. गडी रोज संगं असत्यात, कुणाला दिसलं नाय. साखर लई निघाली. डाक्टर आत हायेत. थांब, हितं एक नर्सबाई हायेत, त्या बोलत्यात."

मी पलंगावरच बसलो होतो, पायाला मैद्याची जखम तशीच. पलीकडून सुनीताचा आवाज आला. वर्गात निघतो त्याहून मोठा.

"दादा, आधी ऐका. पाय राहतोय. एक बोट काढावं लागंल म्हणतात, पण पाय राहतोय. डॉक्टर म्हणले, आणखी थोडे दिवस गेले असते तर नसता राहिला."

मी विचारलं, "ते माझे आबा आहेत हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाय. ते तर आत्ता नामदेवभाऊंनी तुमचं नाव घेतलं तवा कळलं." ती थांबली. "बाजारात आमचं टेबल होतं. समोरनं एक बाबा चालले होते. त्यांची वहाण मागं राहिली अन् ते तसेच पुढं गेले. लोक हसायले, एक जण उचलायला वाकला. मला वाटलं, हा तर आपलाच पेशंट. मी म्हणलं, वहाण राहू द्या तिथंच, आधी पाणी आणा."